शेंदराखालची ओळ

शनिवार, १६ ऑगस्ट. परभणी

निम्मं वर्ष उलटून गेलं तरी बँकेनं दिलेली ही डायरी कोरीच होती. रोज व्याख्यानं देणाऱ्याला रोजनिशी लागत नाही, असं मी आजवर म्हणत आलो. बोलायचं काही उरलं असेल त्यानं लिहावं. आज मात्र लिहायला बसलोय, कारण दुपारी आसारामचा फोन आला.

"काय रे वक्ते, जित्ता हायस का?"

आसाराम माझा दहावीचा वर्गमित्र. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या पुढं आमचं बोरखडी. दिनकरराव सरांच्या इतिहासाच्या तासाला आम्ही दोघं पहिल्या बाकासाठी भांडायचो. नववीपर्यंत तो दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, परत आला की दोन आठवड्यांत मला गाठायचा. दहावीला सरांनी त्याला जाऊच दिलं नाही, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्या वर्षी इतिहासात मला एकोणऐंशी पडले, त्याला अठ्ठ्याहत्तर. पुढं मी परभणीला प्राध्यापक झालो, तो ऊसतोडीचा मुकादम. तो एक मार्क तो अजून मागतो.

बातमी अशी की गावातल्या देवाचा ओटा होणार आहे. सरपंच आबासाहेबांनी मिस्त्री ठरवलाय. दसऱ्याच्या आत देवाला कमरेपर्यंत सिमेंट आणि चहूबाजूंनी टाइल्स.

"म्हंजी तुझी वेलबुट्टी अन् माझी अक्षरं, दोनी गाडली बग," आसाराम म्हणाला.

हा देव म्हणजे मुळात एक वीरगळ. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड, हे सरांनी शिकवलं होतं. जुन्या विहिरीच्या वाटेवर, बाभळीच्या काट्यांत तो आडवा पडलेला असायचा. त्याच्या खालच्या पट्टीत अक्षरं आहेत असं आसाराम म्हणे. मी म्हणे, वेलबुट्टी आहे. सरांनी निकाल राखून ठेवला. सुट्टीनंतर कागदावर ठसा घेऊ म्हणाले. पण १९८८च्या त्या उन्हाळ्यात आबासाहेबांच्या वडलांनी हा दगड फोडून नव्या विहिरीच्या बांधकामात घालायचं ठरवलं. सर गावी गेलेले. तेव्हा एका अमावास्येला आसारामनं दगड उभा करून त्याला शेंदूर फासला. शेंदूर लागल्यावर कोण हात लावतो? दगड वाचला, पण देव झाला. सदतीस वर्षं दर शनिवारी तेल आणि शेंदूर, नवसाला मातीचे घोडे. लोक त्याला घोडेस्वार देव म्हणतात.

आणि मी तीस वर्षं गावोगाव सांगत फिरतो की माणसानं दगडापुढं वाकू नये.

मी फोनवरच जाहीर केलं, "मी येतो आणि गावाला खरं काय ते सांगतो."

"ये. पण आदी च्या पी, मग सांग."

मंगळवार, १९ ऑगस्ट

सरांकडे गेलो. विद्यापीठाच्या बाजूला मुलाच्या घरी असतात. एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्यानं माणसाचा आकार तेवढा कळतो. मी दारात उभा, तर बसही म्हणाले नाहीत.

"अक्षरं की वेल?"

"वेल, सर."

"पाहून आलास?"

"नाही. पण तेव्हा पाहिलं होतं."

सर हसले. गंगाखेडच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेली आमची रोहिणी तिथंच बसली होती. सरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला ती पंधरवड्यातून एकदा येते. ती म्हणाली, "सर, याचं 'तेव्हा पाहिलं होतं' म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन." वर्गात हिला तोंड उघडायला जागा मिळत नसे, दोष आमच्या दोघांच्या आरडाओरड्याचा. आता वसुली चालू आहे.

निघताना सर म्हणाले, "चंद्रभान, मी चौऱ्याऐंशीचा झालो. निकाल राखून ठेवायला माझ्याकडं आता फार जागा नाही."

दसऱ्याच्या आत दगड मोकळा करून दाखवीन, असा शब्द दिला. शब्द देताना माझा आवाज चढतो. रोहिणी खिडकीबाहेर बघत होती.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. बोरखडी

पोळ्याचा मुहूर्त साधून आलो. आसाराम बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. मला पाहून बैलाला म्हणाला, "ऊठ रे, परभणीहून पाव्हणे आलेत. आता दोन घंटे उभं राहावं लागंल."

देवाकडे गेलो. दगड आता दगड दिसतच नाही. शेंदराचा वीतभर जाड थर, त्यात बसवलेले दोन चांदीचे डोळे. आसारामची बायको बायनाबाई रोज दिवा लावते. पण आज थर कोरडा, फिका होता, तेलाचा थेंब नाही.

"वहिनी, तेल घालत नाही का आता?"

"न्हाई भाऊजी. दीड महिना झाला. गरम पाण्यानं न्हाऊ घालायलेय सकाळ-संध्याकाळ."

"शाबास. तेल पोटात जावं, दगडावर नाही."

"व्हय," ती म्हणाली आणि आसारामकडे पाहिलं. आसारामनं बैलाकडे पाहिलं.

श्रद्धेला अशी आतून ओहोटी लागते ती बघून बरं वाटलं. एवढी वर्षं बोललो त्याचा कुठंतरी झिरपा लागतोच.

संध्याकाळी आबासाहेबांना भेटलो. माणूस सरळ आहे. म्हणाले, "चंद्रभानराव, गावाचं काम हाय. ओटा न्हाई केला तर पावसाळ्यात बायका चिखलात बसतात. तुमी म्हणता अक्षरं हायेत. दाखवा मला."

"अक्षरं आहेत असं आसाराम म्हणतो. मी म्हणतो वेल आहे."

"मंग वेलीसाठी ओटा थांबवू?"

बोलायच्या ऐवजी मी चहा मागितला. असं वर्षातून एकदा होतं.

शनिवार, २३ ऑगस्ट

रोजनिशीत खोटं लिहायचं तर ती पाळायची कशाला?

आसारामनं शेंदूर फासला हे खरं. युक्ती माझी होती. शेंदूरही मीच आणला, घरच्या मारुतीच्या डबीतला. दगडापाशी मात्र गेलो नाही. अंगात नवा पांढरा सदरा होता, बाभळीचे काटे होते. मी वाटेवर पहारा दिला.

पण शेंदूर फासून दगड वाचत नाही, त्याला गोष्ट लागते. ती मी दिली. सकाळी पारावर उभा राहिलो आणि सांगितलं की घोड्यावर बसलेला एक पुरुष स्वप्नात आला. म्हणाला, मी विहिरीच्या वाटेवर उघडा पडलोय. घोडा कुठून आणला? वाटेवरून पाहताना दगडावर चार पायांचं काहीतरी दिसलं होतं, तेवढ्यावर. वीर म्हटला की घोडा आलाच.

माझं ते पहिलं भाषण. म्हाताऱ्या माणसांनी माझ्या पाया पडून विचारलं, "अजून काय म्हणाला?" सोळा वर्षांच्या मुलाच्या. आबासाहेबांचे वडील पहार घेऊन आले होते. त्यांनी ती खाली ठेवली.

त्या क्षणी जे अंगातून गेलं, त्याच्याच मागं मी सदतीस वर्षं व्यासपीठं चढत आलोय. बुवाबाजीवर बोलताना टाळ्या पडतात, तेव्हा कधीकधी तो पार दिसतो. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आसाराम जाणतो, पण त्यानं कधी विषय काढला नाही. याबद्दल त्याचे उपकार मानावेत की त्याचा राग धरावा, ते ठरत नाही.

ग्रामसभेत सांगायचं. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्यानंतर सभा आहे. माझं नाव घातलंय.

बुधवार, १७ सप्टेंबर. बोरखडी

बोललो. चाळीस मिनिटं.

सुरुवात निजामापासून केली. मग शेतसारा, मग मराठवाड्याचा अनुशेष, मग दगडांवर कोरलेला आपला इतिहास आणि त्यावर आपणच थापलेलं सिमेंट. "ज्या गावाला आपला दगड वाचता येत नाही, त्याचा सातबारा दुसराच वाचतो," हे वाक्य जमलं. आसारामनं त्यावर एकट्यानं टाळी वाजवली, हलकट.

स्वप्नाचं सांगितलं नाही. तीनदा तिथवर आलो. तिन्ही वेळा त्याआधी अजून एक मुद्दा सुचला.

पावसाची लक्षणं होती, त्यामुळं मागचे काही लोक उठून गेले. सोयाबीन पाण्यात आहे, चिंता आहे. बायका मात्र शेवटपर्यंत बसल्या. भाषण संपल्यावर बायनाबाई उठली. पदर सारखा करून म्हणाली, "आबासाहेब, देवाला तडा गेलाय. खोळ सोडायच्या बेतात हाय. सोडंस्तोर सिमेंट लावू नगा. अंगातली खोळ अडकली तर गावाला बरं न्हाई."

लगेच दहा-बारा बायका एका सुरात, "खरं हाय, खरं हाय."

खोळ म्हणजे शेंदराचं कवच. वर्षानुवर्षं थर साचला की एक दिवस तो आपसूक तडकून सुटतो. मग ती खोळ कापडात बांधून गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायची. जुनी चाल आहे. आबासाहेबांनी बायकांकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं आणि ओटा दसऱ्यापर्यंत तहकूब केला.

माझ्या भाषणानं वातावरण तयार झालं होतं म्हणून हे घडलं. आसारामला तसं म्हणालो.

"तर काय," तो म्हणाला. "तू बोलत होतास म्हणून समद्या बायांना एका जागी बसून ठरवायला टाइम भेटला."

टोमणा असावा. असू दे.

शनिवार, २० सप्टेंबर

आज बायनावहिनींना सांगितलं. मुद्दाम त्या एकट्या दिव्यापाशी असताना गेलो. हात जोडून म्हणालो, "वहिनी, हा देव खोटा आहे. स्वप्न मी रचलं होतं."

त्या वात वळत होत्या. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"लगीन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी. ह्यांनी सांगितलं. म्हणाले, माझ्या दोस्तानं लय मोठी गफलत केली हाय, पर कुनाला बोलू नगंस, तो कालिजात शिकायलाय."

जोडलेले हात मी उभ्या उभ्याच खाली घेतले.

"मग रोज दिवा कशाला लावता?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सहामाहीला नापास झालोय. "भाऊजी, घरात सासू, सुना, नातवंडं. शेतात समदी. बाईमाणसानं घटकाभर एकटं बसावं आन् कुनी 'काय करायलीस' म्हणून इचारू नये, अशी जागा मला गावात दावा. दिवा घेऊन बसलं की कुनी हटकत न्हाई."

दोन हजारांच्या वर भाषणं केली असतील. कुठल्या भाषणात हे वाक्य घालावं ते कळेना. श्रद्धेच्या बाजूनं घालता येत नाही, विरुद्धही घालता येत नाही.

निघताना म्हणाल्या, "लोकांना सांगायचं तर सांगा. पर खाली बसून सांगा. तुमी उभं राहिलात की भलतंच बोलता."

रविवार, २८ सप्टेंबर. बोरखडी

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. करपरा नदीला पूर, सोयाबीन सडायलंय, आसारामची दोन एकर पाण्याखाली. गंगाखेडहून रोहिणीचा फोन, गोदावरी घाटाच्या पायऱ्या गिळून वर आलीय. अशात आज सकाळी आसाराम फोनवर म्हणतो, "ये. देवानं खोळ सोडली."

जिंतूरपर्यंत एसटी, पुढं एका दूधवाल्याच्या गाडीवर. पोचलो तर छत्र्या घेऊन अर्धं गाव उभं. कवच दोन तुकड्यांत सुटून समोर पडलेलं, आतून गुळगुळीत, लाल साच्यासारखं. योगायोग म्हणावा तर असा. आसाराम शेजारी भिजत उभा होता. त्याच्या नखांत शेंदूर, उजव्या अंगठ्याला चिंधी.

"हे काय झालं?"

"कोयता लागला. गवत कापताना."

एवढ्या पुरात हा गवत कापायला गेला होता. काय म्हणावं?

दगडाच्या खालच्या अंगाला अजून चिखल होता. पुसायला कुणी धजेना आणि आसाराम पुसू देईना. म्हणाला, "सर आल्याबिगर न्हाई. परीक्षेत पेपर आदी फोडायचा नसतो."

पण वरचा भाग पावसानं धुतला होता आणि तिथंच घात झाला. वर एक माणूस आहे. पायी. कमरेला धोतर, हातात काठीसारखं काहीतरी, त्याच्या पुढं तीन गाई. सगळे बघत होते. आबासाहेबच शेवटी बोलले.

"चंद्रभानराव, घोडा कुठंय?"

मी म्हणालो, "सर येऊ द्या."

बुधवार, १ ऑक्टोबर. बोरखडी

आज ऊन पडलं. रोहिणीनं सरांना गाडीतून आणलं. वाटेत गाडी चिखलात रुतली तेव्हा आसारामनं सरांना सरळ पाठीवर घेतलं. सर म्हणाले, "आसाराम, माझं वजन कमी झालंय की तुझं बळ वाढलंय?" तो म्हणाला, "सर, मोळीपेक्षा हलके हाव तुमी."

देवापुढं सतरंजी टाकली होती. निम्मं गाव आलेलं. बायनावहिनींनी तांब्यानं पाणी ओतून खालची पट्टी धुतली, पदरानं पुसली. मी मागं उभा होतो. पट्टीवर सारख्या अंतरावर खोबणी दिसत होत्या. इथूनही ती वेलच वाटत होती, खोटं कशाला बोलू.

सरांना खुर्ची दिली होती, ती त्यांनी नाकारली. मांडी घालून दगडाला टेकले आणि बोटं लावली. डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे. कितीतरी वेळ.

"चंद्रभान, पुढं ये. हात आण."

माझं बोट धरून त्यांनी पट्टीच्या वरच्या कडेवरून फिरवलं. दगड गार होता. एक सरळ आडवी रेघ, तुटत तुटत गेलेली, आणि तिला खाली लोंबणारे आकार.

"वेलीला शिरोरेघ नसते, चंद्रभान."

आसाराम अंगठ्याची चिंधी सारखी करत होता. सदतीस वर्षं त्यानं या क्षणाची तयारी केली असणार. मीच विचारलं, "तुला तेव्हा कसं दिसलं रे?"

"दिसलं कुटं? काटेच काटे होते. हात घातला तवा बोटाला लागलं."

म्हणजे आमच्या वर्गातल्या सगळ्यात गाजलेल्या वादात एका बाजूनं हात लावला होता आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं वक्तृत्व केलं होतं. सर म्हणाले, "आसाराम पास. तो एक मार्कही देऊन टाकतो." मग माझ्याकडे तोंड करून, "तू फेरपरीक्षेला बस."

लोक हसले. आबासाहेब हसले नाहीत. "सर, अक्षराचं कळलं. पर घोडा? माझ्या बापानं घोडेस्वाराच्या नावानं दगड सोडला. आमी सदतीस वर्षं मातीचे घोडे वाहायलोत. माझ्या लेकाच्या पायासाठी मी सवताच्या हातानं घोडा केला होता. ह्यो कुठला गुराखी?"

कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. सवयीनं उभा राहिलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो, चिखलातच, आणि माइक सतरंजीवर ठेवला.

"आबासाहेब, मला स्वप्न पडलं नव्हतं. दगड वाचवायला मी खोटं बोललो. शेंदूर मी दिला, घोडाही मीच जोडला. हा दगड मी तोवर जवळून पाहिलासुद्धा नव्हता. तुमच्या वडलांची मी फसवणूक केली. माफी मागतो."

एवढंच. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

आबासाहेबांनी दगडाकडे पाहिलं. राग होता, तो मला दिसला, आणि तो रास्त होता. मग म्हणाले, "बाप माझा फसला. पर फसला न्हाई तर हे आज विहिरीत बुजलं असतं." थांबून म्हणाले, "तरीबी तुमी लवकर सांगायचं होतं." मी मान हलवली. त्यांनी मिस्त्रीला हाक मारली आणि ओटा दोन हात अलीकडे घ्यायला सांगितला. सिमेंट दगडाला शिवायचं नाही. बायनावहिनींनी वरून पुस्ती जोडली, टिळा कपाळाला, खालची पट्टी मोकळी. यावर वाद झाला नाही. शेंदराची खोळ रोहिणी पूर ओसरल्यावर गंगाखेडला सोडणार आहे.

मग मागून एका म्हातारीनं, छबूबाईनं, विचारलं, "पर मंग ह्यो हाय कोण? नाव काय त्याचं? कवा मेला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं. यादव असतात, सरदार असतात, एखादं तरी शतक असतं. मी सरांकडे वळलो. सरांनी तोंड दुसरीकडे केलं, पेपर माझा होता.

"माहीत नाही, मावशी."

"इतकं शिकून?"

"इतकं शिकून. अक्षरं झिजलीत, लिपी जुनी आहे. कागदावर ठसा घ्यावा लागेल, जाणकारांना दाखवावा लागेल. वर्ष लागेल, दोन लागतील. कदाचित कळणारही नाही."

छबूबाईनं तिन्ही गाईंवरून हात फिरवला, माणसाच्या पायांवर थांबली. मग गुडघ्यावर हात टेकून तिथंच नीट बसून घेतलं.

"मंग शोधा की. आमी कुटं जायलोत?"